टपरीवर भांडायच्या आधी एवढं कर

काल टपरीवर तू पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'ला झोपाळू म्हणून मोकळा झालास. किती ऐकलास रे? मोबाइलवर शफल लावून दोन गाणी! तसं नाही जमत भावा. १९७३ चा हा अल्बम जेमतेम ४३ मिनिटांचा, पण गाणी एकमेकांत मुरलेली. मधूनच उचललं तर कीर्तनाचा निम्मा पूर्वरंग ऐकून उठल्यासारखं होतं. रात्री लातूरचा उकाडा जरा उतरला की गच्चीवर जा, हेडफोन लाव, सलग ऐक. मूळ तबकडीची पहिली बाजू संपते तिथं क्लेअर टॉरी गाते. तिच्या गाण्याला शब्दच नाहीत. आलापाची सवय असलेल्या आपल्या कानाला ते लगेच पटतं. मग तबकडी उलटायची, आणि सुरुवातीलाच नाण्यांचा खणखणाट. ही मांडणी शफलमध्ये कशी कळायची?

आता मी स्वतः डीप पर्पल बँडच्या 'मशीन हेड' अल्बमवाला, हे तुला ठाऊकच आहे. त्याच्यासाठी ते १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडला माँत्रूत रेकॉर्डिंगला गेले, ते ठरलेलं कसिनोच जळालं. मग रिकाम्या हॉटेलात, गाद्या लावून आवाज अडवत काम उरकलं. त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं त्याच आगीवर आहे. पण सगळे गिटारचंच कौतुक करायलेत; तू त्यांच्यातल्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवरचं कीबोर्ड वाद्य, ऐक. याच अल्बमच्या 'हायवे स्टार'मध्ये तर नक्कीच.

लेड झेपलिनचा चौथा अल्बम सध्या राहू दे. त्यावर आमच्यातच अबोला आहे.