वाचकांचे प्रश्न: जंगल, जेटी आणि पाळणा

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या वनसंरक्षणविषयक बैठकीत एका वक्त्यांनी "लोकसंख्या वाढली म्हणून जंगल गेले" असे सांगून कुटुंबनियोजनाचा आग्रह धरला. काही बायका दुखावल्या. विकसनशील देशांत हे दोन विषय एकत्र हाताळले जातात, असे ऐकले आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : बायका दुखावल्या, यात नवल नाही. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांग्यातले डोंगर कोणाच्या घरी चौथे मूल जन्मले म्हणून पोखरले गेले नाहीत. ते खनिजासाठी पोखरले गेले आणि ते काम 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला थांबवावे लागले. जंगलावर सर्वांत कमी भार टाकणाऱ्या बाईला दोषी ठरवून सुरू होणारे संरक्षण मला अन्यायाचे वाटते.

तरीही हे दोन विषय एकत्र आणता येतात, मात्र क्रम उलटा हवा. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आंदावादोआका या वेझो कोळ्यांच्या गावात 2004 मध्ये ऑक्टोपसच्या मासेमारीसाठी काही भाग काही महिने बंद ठेवण्याचा प्रयोग झाला. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे बंदी उठल्यावर मिळणारा माल वजनाला भरघोस असतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत आपल्याकडे ट्रॉलर किनाऱ्याला का लागतात हे जाणणाऱ्या गोमंतकीयाला यातले तत्त्व वेगळे सांगायला नको. या कामात गावाबरोबर असलेल्या ब्लू व्हेंचर्स या संस्थेच्या लक्षात आले की तिथल्या बायकांना पाळणा लांबवायचा आहे, पण गर्भनिरोधक साधने हाताशी नाहीत. 2007 पासून संस्थेने ती सेवा गावातच सुरू केली. म्हणजे गरज बायकांची होती आणि सेवा तिच्यामागून आली. समुद्र वाचवायचा म्हणून कोणाच्या गर्भाशयावर हिशेब मांडला गेला नाही.

दुसरे उदाहरण युगांडाचे. तिथल्या ब्विंडीच्या जंगलात 1996 मध्ये पर्वतीय गोरिलांना खरूज झाली आणि ती आजूबाजूच्या वस्तीतून आल्याचे आढळले. पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी 2003 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे गावातीलच स्वयंसेवक स्वच्छता, क्षयरोग, कुटुंबनियोजन आणि गोरिला या सर्वांविषयी घरोघरी एकत्र बोलत आले आहेत.

आपल्या देशाला मात्र इथे जास्त जपून बोलावे लागते. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची आठवण अजून बुजलेली नाही. लोकसंख्या आणि विकास यांवर संयुक्त राष्ट्रांनी भरवलेल्या 1994 च्या कैरो परिषदेनेही लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि तिचा निर्णय यांना मध्यभागी आणले. म्हणून पुढच्या बैठकीला उपकेंद्रातील परिचारिकेला बोलवा आणि एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान 24 महिने जावेत, हे आईच्या प्रकृतीसाठी सांगू द्या. बचतगटाचे कर्ज किंवा रोपवाटिकेतले काम यांची सांगड मुलांच्या संख्येशी कदापि घालू नका.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) गोव्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, 1.3 आहे. मग इथे हा विषय हवाच कशाला?
— एक वाचक, वास्को

उत्तर : लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या 2.1 च्या बराच खाली हा दर आहे, तेव्हा संख्येसाठी नकोच. सेवेसाठी मात्र हवा. 2024 मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा पसरून काही परप्रांतीय खलाशी दगावले. माणसांच्या राहण्याची आणि शौचालयांची सोय नसली, की साळ नदीचे पाणी आणि माणसाचे आरोग्य एकदमच बिघडते. ट्रॉलरवर, बांधकामावर राबणाऱ्यांच्या बायका कामामागे गाव बदलतात. सरकारी केंद्रात मोफत मिळणारे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि स्थलांतरात नेमका तोच डोस चुकतो. त्यांना कोणत्याही आरोग्य केंद्रात जुने कार्ड दाखवून, गोव्यातला पत्ता न विचारता, पुढचा डोस मिळायला हवा. तुमच्या पंचायतीच्या ग्रामसभेत जेटीवरच्या शौचालयांबरोबरच हीही मागणी मांडा.