तोच दरवाजा पुन्हा काढू नकोस

जुन्या ड्रॉइंगमधला दरवाजा उचलून नव्यात पेस्ट केला की काम भागतं, पण त्याच्यासोबत नको ते लेअरही (रेषा वेगवेगळ्या ठेवायचे थर) येऊन बसतात. त्यापेक्षा त्याचा ब्लॉक कर, म्हणजे अनेक रेषांची एकच वस्तू, हवी तितक्या वेळा टाकता येणारी. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लॉक' कमांडने केलेला ब्लॉक त्या ड्रॉइंगपुरताच राहतो. कायमचा हवा असेल तर 'डब्ल्यूब्लॉक' वापर, त्याची वेगळी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग) फाइल होते.

खरी काळजी घ्यायची ती बेस पॉइंटची, म्हणजे ब्लॉक टाकताना कर्सर ज्या बिंदूला धरतो त्याची. तो दिला नाहीस तर 0,0 धरला जातो आणि ब्लॉक कर्सरपासून कुठल्या कुठे लटकतो. 900 मिमीच्या दरवाजाला बिजागरीकडचा कोपरा दे, म्हणजे भिंतीच्या कडेला थेट स्नॅप होईल. कमोडला मागच्या कडेचा मध्य. रेषा लेअर 0 वर, रंग बायलेअर, म्हणजे लेअरचा असेल तो. मग ज्या लेअरवर टाकशील त्याचा रंग ब्लॉक घेतो. युनिटही बघ. मिलिमीटरमधला, पण युनिट न दिलेला ब्लॉक इंचाच्या ड्रॉइंगमध्ये 25.4 पट मोठा येऊन पडतो.

कंट्रोल+2 दाबलं की डिझाइन सेंटर ही खिडकी उघडते, तिच्यातून दुसऱ्या ड्रॉइंगमधले ब्लॉक ओढता येतात. रोजचे चार-पाच टूल पॅलेटवर (हाताशी राहणाऱ्या पट्टीवर) ठेव. नावात प्रकार आणि माप असू दे, 'फायनल नवीन 2' नको. डायनॅमिक (टाकल्यावर माप बदलता येणाऱ्या) ब्लॉकच्या नादाला इतक्यात लागू नकोस.

लायब्ररीतली, म्हणजे साठवून ठेवलेल्या ब्लॉकांमधली, फाइल बदललीस म्हणून जुन्या ड्रॉइंगमधला ब्लॉक आपोआप बदलत नाही, तो पुन्हा इन्सर्ट करून रिडिफाइन करावा लागतो, म्हणजे जुन्याच्या जागी नवा घ्यावा लागतो. आणि नेटवरून उतरवलेला ब्लॉक आधी वेगळा उघडून पर्ज कर, म्हणजे त्यातले न वापरलेले लेअर वगैरे काढून टाक. रेषा मात्र पर्जने कमी होत नाहीत, त्या बघून घे. काही सोफ्यांत इतक्या रेषा असतात की झूम करतानाच मशीन धापा टाकतं!