स्क्वॉटचं मशीन: विकत घेण्याआधी, वेल्डिंगला देण्याआधी

पोलीस भरतीची तयारी सुरू झाली की स्क्वॉटच्या, म्हणजे वजन घेऊन बैठका मारायच्या मशीनबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. हॅक स्क्वॉट (तिरक्या पाठीला टेकून, खांद्यावरच्या गादीनं वजन उचलायचं), लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं), स्मिथ मशीन (उभ्या रॉडवर सरकणारा बार) आता गावोगावच्या व्यायामशाळांत दिसतात. काही विकतची असतात, बरीचशी गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात फोटो पाहून केलेली. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकात यंत्र आरेखन शिकवलं आणि अशा काही मशीनचे नकाशेही काढून दिले. म्हणून लोखंडाबद्दल ठामपणे सांगेन. गुडघा, कंबर, रक्त यांच्याबाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

सर, आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्याले मोबाईलवर फोटो दाखवला. तो म्हणते, ग्रिलच्याच पाइपात हॅक स्क्वॉट करून देतो. ५० बाय ५० चा २ मिमी पाइप चालते का? (आर्णी तालुका)

चालत नाही. तो पाइप खिडकीच्या ग्रिलला आणि शेडच्या दाराला ठीक आहे. ७५ बाय ७५ मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या. मीटरमागे वजन ३ किलोवरून पावणेसात किलोवर जातं, म्हणजे लोखंडाचा खर्च सव्वादोन पट होतो. पण वाकण्याविरुद्धची ताकद जवळजवळ ३.४ पट आणि ताठपणा ५ पट होतो. सरकत्या मशीनमध्ये ताठपणाच जास्त महत्त्वाचा. उभे खांब मिलिमीटर-दोन मिलिमीटर जरी फाकले, तरी सरकता सांगाडा (ज्याला वजनाच्या प्लेट लावतात तो भाग) रॉडवर तिरका होऊन अडकतो, तोही नेमका वजन भरलेलं असताना.

दुकानदाराशी गेजमध्ये बोलू नका. १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी. आकडा मोठा झाला की पत्रा पातळ होतो, आणि यातच पुष्कळ लोक फसतात. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नेऊन पाइपाच्या तोंडाशी जाडी मोजा. जोड चारही बाजूंनी पूर्ण भरून घ्या, नुसते टाके नकोत. खांब आणि पाया जिथे मिळतात तिथे त्रिकोणी पट्टी हवीच.

फोटोत उंची-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही आणि वेल्डिंग किती खोल गेलं तेही दिसत नाही. पाइप कापण्याआधी कागदावर मापांसह आकृती काढा आणि जवळच्या पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या शिक्षकांना दाखवा.

स्क्वॉटनं पोराची उंची खुंटते म्हणतात. खरं का? (चिखली)

नाही. वाढत्या वयातल्या मुलाला जाणकार प्रशिक्षकाशिवाय जड वजन देऊ नका, एवढंच.

४५ अंशाच्या लेग प्रेसवर मी ३०० किलो मारतो, पण खांद्यावर बार घेतला की १०० मध्येच पाय थरथरतात. काहून? (वरुड)

कारण ते ३०० किलो तुम्ही सरळ वर उचलतच नाही. ४५ अंशाच्या उतारावर वजनाचा ०.७ भाग पायांवर येतो, म्हणजे साधारण २१२ किलो. सरकत्या सांगाड्याचं स्वतःचं वजन त्याच हिशेबानं त्यात मिळवा. उलट बार घेऊन बसता-उठता तेव्हा कमरेवरचं सगळं शरीरही तुम्हीच उचलता, शिवाय पाठ ताठ ठेवता आणि तोल सांभाळता. तारेच्या मशीनमध्ये सरकती कप्पी असेल तर भार आणखी निम्मा होतो. दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवू नका, आणि लेग प्रेसच्या आकड्यावर विसंबून बारवर वजन चढवू नका.

आमच्या मंडळानं स्क्वॉट मशीन बनवायला टाकलं. वर दोन हुक आहेत. खाली स्टॉपर लावायचा तर तीन हजार वाढतात म्हणे. खरंच गरज आहे का? (दिग्रस तालुका)

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा येतो आणि प्रत्येक वेळी त्याचं मूळ एकच असतं: वरचा हुक आहे ना, मग खाली कशाला?

वरचा हुक व्यायाम सुरू करायला आणि संपवायला असतो. तो गाठायचा तर माणसाला पूर्ण उठता आलं पाहिजे. आणि माणूस अडकतो तो वर नाही. तो अडकतो खाली, मांड्या पोटाला टेकलेल्या असताना, पायात जीव नसताना. त्या क्षणी वरचा हुक त्याच्यापासून दीड-दोन फूट दूर असतो. तिथे त्याला वाचवतो तो फक्त खालचा थांबा, म्हणजेच स्टॉपर.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मला असंच एक मशीन पाहायला बोलावलं होतं, अपघात झाल्यानंतर. स्टॉपर होता. पण त्याची पिन म्हणजे स्लॅबच्या कामातून उरलेली १२ मिमीची सळई होती, एका बाजूनं वाकवून मूठ केलेली. पोरगं तिसऱ्या फेरीत खाली बसलं, उठता येईना, म्हणून त्यानं सांगाडा पिनेवर सोडला. डावी सळई केळीच्या देठासारखी वाकली आणि भोकातून निसटली. सांगाडा एका बाजूला कलला आणि पोराचा गुडघा आत दाबला गेला. तिघांनी मिळून तो सांगाडा वर उचलला. गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता, त्या वर्षीची भरती गेली. ती वाकलेली सळई मी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर रंगाचे दोन हात दिले होते. रंगाला पैसे होते, २५ मिमीच्या पिनेला नव्हते.

आता हिशेब पाहा. १५० किलोचा सांगाडा ३० सेंटिमीटरवरून सरळ खाली पडला आणि खालचं रबर फक्त १ सेंटिमीटर दबलं, तर थांबवताना सरासरी जोर वजनाच्या ३१ पट येतो. म्हणजे साडेचार टनांहून जास्त. तोच सांगाडा ५ सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर थांबवला तर जोर ७ पटांवर, म्हणजे साधारण एक टनावर येतो. उतारावरच्या मशीनमध्ये तो थोडा कमी होईल, पण तेवढ्यानं निष्काळजीपणा करायचं कारण नाही. म्हणून लोखंडावर लोखंड आपटू देऊ नका. खाली जाड रबर किंवा भक्कम स्प्रिंग हवी.

पिन २५ मिमीची गुळगुळीत गोल सळीची घ्या. १२ मिमीच्या मानानं वाकण्याविरुद्ध तिची ताकद सुमारे ९ पट असते, कारण ही ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ती पाइपाच्या दोन्ही भिंतींतून आरपार गेली पाहिजे, एकाच भिंतीत अडकलेली नको. कंपनानं सरकू नये म्हणून तिला स्प्रिंगचं कुलूप हवं. भोकं दर ५ सेंटिमीटरला पाडा आणि दोन्ही खांबांवर अगदी एका पातळीत, पाण्याच्या नळीनं पातळी तपासून. प्रत्येकानं आपली सर्वांत खालची बैठक रिकाम्या मशीनवर घेऊन पाहावी आणि पिन त्याच्या जेमतेम खाली लावावी. फार खाली लावली तर ती नसल्यासारखीच.

स्मिथ मशीनचे मनगटानं फिरवायचे हुकही यातून सुटत नाहीत. घाबरलेल्या माणसाचं मनगट फिरत नाही. तिथेही खाली थांबे लागतात, आणि मोकळ्या बारसाठी रॅकला, म्हणजे बार ठेवायच्या उभ्या चौकटीला, आडव्या सळ्या.

तीन हजार द्या. काम झाल्यावर मशीन सुरू करण्याआधी कोणीही आत नसताना सगळं वजन भरा, सांगाडा थोड्या उंचीवरून स्टॉपरवर सोडा, दूर उभे राहा, आणि मग जोड, पिन, भोकं निरखून पाहा. वाकलेलं काही दिसलं तर पोरांना चढू देऊ नका. ही तपासणी एखाद्या अभियंत्याच्या समोर करून त्यांची सही घ्या. व्यायामशाळेसाठी सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर जिल्हा क्रीडा कार्यालयात आधीच विचारा की मशीनबाबत काय अटी आहेत. बनवून झाल्यावर विचारलं तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच गळ्यात पडेल.

नागपूरच्या एका विक्रेत्यानं ‘कमर्शियल ग्रेड, ५०० किलो क्षमता, इम्पोर्टेड बेअरिंग’ असं सांगितलं. विश्वास ठेवावा का? (काटोल)

स्टिकरवर ठेवू नका. ५०० किलो म्हणजे नेमकं काय, ते लेखी मागा. फक्त प्लेट, की सांगाड्यासह? स्थिर उभं वजन, की आपटलं तरी पेलेल असं? व्यायामाच्या स्थिर उपकरणांसाठी आयएसओ २०९५७ हे मानक आहे. त्यानुसार चाचणी झाली असेल तर अहवाल दाखवा म्हणा. विक्रेता विषय बदलू लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

प्लेटही तपासा. मी एकदा एका व्यायामशाळेतल्या २० किलोच्या चार प्लेट शेजारच्या अडत्याच्या काट्यावर ठेवल्या. एक १८.४ भरली, एक २०.९. एकाच जोडीत अडीच किलोचा फरक, आणि पोरं मात्र बार एका बाजूला का कलतो म्हणून स्वतःच्या कमरेला दोष देत होती.

बेअरिंगचं म्हणाल तर सांगाडा रिकामा असताना एका बोटानं ढकलून पाहा. अडखळत असेल तर वजन भरल्यावर आणखी अडखळेल. जिनिंग जवळ असेल तर सरकीचा भुगा आणि कापसाचे तंतू रॉडला चिकटतात. तिथे घट्ट ग्रीस लावलं की त्याचा लगदा होतो. रॉड रोज कोरड्या फडक्यानं पुसा आणि वर हलका सिलिकॉन स्प्रे मारा.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. उंची १५६. जिममधल्या हॅक स्क्वॉटची खांद्याची गादी तिच्या डोक्याजवळ येते. जिमचे सर म्हणतात, पायाखाली दोन विटा ठेव. गुडघाही दुखतो. (दर्यापूर)

विटा आजच काढायला सांगा. वजनाखाली वीट सरकली की घोटा गेला.

दोष तुमच्या मुलीच्या उंचीत नाही, मशीनमध्ये आहे. भरतीत मुलींना किमान उंची १५५ सेंटिमीटर आहे. त्याच मशीनवर १८० चा मुलगाही चढतो. म्हणजे किमान २५ सेंटिमीटरचा फरक सांभाळता आला पाहिजे. बहुतेक नकला उंच पुरुषाच्या मापाच्या मशीनच्या फोटोवरून होतात, म्हणून हा घोटाळा. वरच्या हुकाला एकाऐवजी चार-पाच जागा करून घ्या, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला असताना गादी तिच्या खांद्यावर बसेल. स्टॉपरची पिनही तिच्या मापाला लावा.

पाय ठेवायची फळी एवढी मोठी हवी की पाय १५-२० सेंटिमीटर वर-खाली सरकवता येतील. पाय खाली ठेवले की गुडघ्यावर ताण वाढतो, वर ठेवले की तो नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंकडे जातो. टाच उचलली जात असेल तर पाय थोडे वर घ्या. ‘गुडघा बोटांच्या पुढे गेला की संपला’ हे सगळ्यांना सरसकट लावू नका. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जातोच.

पण दुखणं किती दिवसांचं आहे, सूज आहे का, जिना उतरताना दुखतं का, हे मला इथून कळणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, आणि तोवर मशीन बंद. १६०० मीटर मुलांना असतात, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. तेवढं धावायला आधी गुडघा धड हवा.

आमचे आजोबा म्हणतात, पाचशे बैठका मारा, मशीन कशाला? (अचलपूर)

आजोबांचा मान ठेवा आणि बैठका मारा. दम आणि पायातला चिवटपणा त्यातून येतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे, तेव्हा आपल्या भागात कोणी हॅक स्क्वॉटचं नावही ऐकलं नसेल. जास्त भाराची ताकद हवी असेल तर मशीन किंवा बार लागतो. दोन्ही करता येतं.

मी सिकलसेलचा वाहक आहे, आजारी नाही. मशीनवर जड स्क्वॉट करू का? उन्हाळ्यात दुपारीच वेळ मिळतो. (गडचिरोली जिल्हा)

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. वाहक म्हणजे ज्याच्यात त्याचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. बहुतेक वाहक व्यायाम करू शकतात. पण शरीरात पाणी कमी असताना, तापलेल्या शेडमध्ये, एकामागून एक जोराचे सेट मारले तर वाहकालाही धोका असतो. क्वचित स्नायूंच्या पेशी तुटून मूत्रपिंडावर बेतू शकतं. मे महिन्यात ४५ अंशात पत्र्याच्या शेडखाली दुपारी व्यायाम कोणीच करू नये, तुम्ही तर नाहीच. पहाटे करा, सेटमध्ये पुरेसा विसावा घ्या, पाणी प्या.

स्नायू अचानक कमजोर झाले, पेटके आले, लघवी चहासारखी गडद झाली तर थांबा आणि थेट रुग्णालयात जा. प्रशिक्षकाला वाहक असल्याचं आधीच सांगा. सुरू करण्याआधी तुमचा तपासणी अहवाल घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मशीनला हातही लावू नये.

तारेच्या स्क्वॉट मशीनच्या केबलवरचं प्लॅस्टिक फाटलं आणि दोन-तीन तारा बाहेर आल्या. दिवाळीपर्यंत चालवावं म्हणतो. (उमरेड)

नाही. आज बंद करा. वजनाचा ढीग साखळीनं बांधा आणि मशीनवर पाटी लावा. बाहेर तीन दिसतात तेव्हा प्लॅस्टिकच्या आत, कप्पीवर वळणाऱ्या जागी, किती तुटल्या आहेत ते दिसत नाही. नवी तार त्याच व्यासाची, त्याच जातीची घ्या. कप्पीची खाच बोटानं चाचपा, धारदार झाली असेल तर कप्पीही बदला, नाहीतर नवी तार महिन्यात पुन्हा कापली जाईल. टोकाचा पकड जोड हातोड्यानं ठोकून करू नका, तार दाबून पक्की करणाऱ्या दुकानातूनच करून घ्या.