पुस्तकांना पैसा कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पट 140. पेटीतली पुस्तकं फाटायला आली आहेत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे अर्ज करा, असं कुणी सुचवलं. करू का?

नका करू. वेळ जाईल. हे प्रतिष्ठान (स्थापना 1972, मुख्यालय कोलकाता) सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. शाळेचं ग्रंथालय त्यात बसत नाही. राज्याच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालचं अनुदानही शाळेला मिळत नाही. दरवर्षी कितीतरी शाळा या दोन दारांवर थांबतात आणि आपलं दार कोणतं तेच विसरतात.

शासकीय शाळेचं दार समग्र शिक्षा, म्हणजे शालेय शिक्षणासाठीची केंद्र-राज्याची योजना. त्यात ग्रंथालय अनुदानाची वेगळी तरतूद आहे. शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत. संयुक्त शाळा अनुदान वेगळं आणि ते पटावर ठरतं. 100 च्या वर आणि 250 पर्यंत पट असेल तर मर्यादा 50,000 रुपयांची. पण हे आकडे 'पर्यंत'चे आहेत. हातात किती येणार ते राज्याच्या मंजूर आराखड्यावर अवलंबून, आणि संयुक्त अनुदानात दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल सगळेच वाटेकरी असतात. यू-डायसमध्ये (शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीत) पट आणि ग्रंथालयाची माहिती चुकीची भरलेली असेल तर त्याच आकड्यांवर तुमची शाळा मोजली जाते. म्हणून आधी ते तपासा.

उरलेल्या गरजेसाठी कंपनीकडे जा, पण पैसे मागू नका, पुस्तकं मागा. सीएसआरचा (कंपनीने कायद्याने सामाजिक कामांवर खर्चायचा) पैसा दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते. कंपनीने स्वतः पुस्तकं विकत घेऊन शाळेला दिली तर शाळेला ही नोंदणी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि सोबत पुस्तकांची यादी तुमचीच द्या. यादी दिली नाही तर स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं येतात आणि तिसरीतली मुलं ती बघत बसतात.

प्रश्न : आमचं वाचनालय शासनमान्य, 'क' वर्ग. समान निधी आणि असमान निधी यांत नेमका फरक काय? आणि प्रस्ताव त्रुटी काढून परत का येतो?

दोन्ही राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या योजना. समान निधीत राज्य शासन आणि प्रतिष्ठान दोघंही पैसे घालतात. त्यातून निवड झालेले ग्रंथ खरेदी होतात आणि ग्रंथालयांना भेट म्हणून पोहोचतात. असमान निधी हा प्रतिष्ठानाचा स्वतःचा. तिथे ग्रंथालयाने विशिष्ट कामासाठी प्रस्ताव द्यायचा असतो : ग्रंथ, फर्निचर, साधनसामग्री, बालविभाग, इमारत, सुवर्ण किंवा शतक महोत्सव. काही बाबींत ग्रंथालयाला आपला हिस्सा दाखवावा लागतो. तो खात्यात दिसत नसेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. राज्याच्या समितीची शिफारस लागते, त्यामुळे कोलकात्याला परस्पर पत्र पाठवून काही होत नाही. सुरुवात जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून करा.

परत येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा पुस्तकांशी संबंधित नसतंच. ते धर्मादाय कार्यालयात असतं. कार्यकारिणी बदलून चार वर्षं झाली, अध्यक्ष नवे, बँकेत सही नव्यांची, आणि परिशिष्ट-1 वर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) नावं मात्र जुन्यांची, त्यातले एक तर हयातही नाहीत. बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. राहून गेला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह आजच टाका. प्रस्तावाची जाहिरात निघाल्यावर धावपळ करून हे काम उरकत नाही.

दुसरी नेहमीची त्रुटी बिलांची. प्रत्येक बिलावर 'या बिलातील पुस्तके दाखल क्र. 2141 ते 2198 वर नोंदवली' असा शेरा आणि ग्रंथपालाची सही हवी. दाखल क्रमांक म्हणजे दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला मिळणारा क्रमांक. 2141 ते 2198 म्हणजे 58 प्रती. बिलात 60 असतील तर लेखापरीक्षक त्या दोन प्रती शोधणारच. सूट मिळाली असेल तर दाखल नोंदवहीत छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम, दोन्ही लिहा. आणखी एक : छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, कपाटावर मात्र तो लागतो. अंदाजपत्रकात कपाटाची रक्कम कराविना लिहिली की शेवटी पुस्तकांतून पैसे कापावे लागतात.

प्रश्न : आमची संस्था नोंदणीकृत आहे, पण वाचनालयाला शासनमान्यता नाही. सीएसआरसाठी काय तयारी करावी?

कागद तीन : आयकर खात्याची 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि त्यांच्या जोरावर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-1. 1 एप्रिल 2021 पासून या नोंदणीशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचा खर्च करू शकत नाही. विषय बसतो का, ही शंका नको. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणीही आहे. प्रस्तावात अनुसूचीचा उल्लेख करा, म्हणजे तिथल्या माणसाचं टिपण अर्धं लिहून झालं.

कोणत्या कंपनीकडे? सीएसआर बंधनकारक करणारं कंपनी कायद्याचं कलम 135 लागू व्हायला निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यांतलं एक पुरतं. म्हणजे दूरच्या नामांकित उद्योगसमूहापेक्षा तालुक्याच्या एमआयडीसीतला मध्यम कारखाना बरा. कायदाही कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. मोठा प्रस्ताव वर्षाचा कृती आराखडा ठरण्याआधी द्या. लहान प्रस्ताव जानेवारीतही चालतो, कारण तेव्हा उरलेली रक्कम खर्ची घालायची घाई असते.

प्रस्ताव एका पानाचा पुरे. 'वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी सहकार्य व्हावे' हे वाक्य काढून टाका. सगळेच तेच लिहितात. त्याऐवजी असं लिहा : 'सभासद 210, त्यांत 14 वर्षांखालील 85. मुलांची पुस्तकं 120, त्यांतली 70 दहा वर्षांपूर्वीची. मागणी 400 पुस्तकांची. देवघेव आठवड्यातून तीन दिवस, 5 ते 7.' देणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती पुस्तकं कपाटात कुलूपबंद होण्याची. म्हणून देवघेव कोण करणार, हे पदासह लिहा. सगळी रक्कम पुस्तकांवर लावू नका. साधारण चौथा हिस्सा कपाट, कव्हर, शिक्के, बांधणी यांना ठेवा.

प्रश्न : अनुदानातली पुस्तकं मुलांनी हरवली तर भरपाई द्यावी लागते का? या भीतीने आमचे मुख्याध्यापक पुस्तकं घरी देत नाहीत.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला 215 वा नियम त्यांना दाखवा. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर 1,000 ग्रंथांमागे पाच गहाळ होणं तो वाजवी मानतो. अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला म्हणजे झालं. 1,000 रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. हा नियम मुळात केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठीचा, पण वाद घालायला उत्तम आधार आहे. 20,000 पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी करा, हेही तोच सांगतो. मोजणी करा, गहाळ पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवा, ठराव घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईने नोंद करा. मोजणीच झाली नसेल तर पाच काय, एकही पुस्तक समजावून सांगता येत नाही.

प्रश्न : एक विक्रेता 60 टक्के सवलतीत 300 पुस्तकांचा संच देतो म्हणतो. घ्यावा का?

यादी मागा. त्यात लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि पानं हवीत. 48 पानांच्या पुस्तकावर 350 रुपये छापले असतील तर सवलत किमतीतच आधी घातली आहे. खास अनुदानाच्या खरेदीसाठी छापलेले असे संच मार्चमध्ये फार फिरतात. यादी देत नसेल तर घेऊ नका.