पायथनमधल्या शेल कमांड: वाचकांचे प्रश्न

देवगडहून एक आंबा बागायतदार: बिलांच्या बॅकअपची पायथन स्क्रिप्ट आतून फाइलींची प्रत काढणारी सीपी कमांड चालवते. रोज 'बॅकअप झाला' असं छापते, पण 'हापूस ५ डझन.पीडीएफ' असल्या फाइली पेन ड्राइव्हवर सापडत नाहीत. दोष कुणाचा?

शेलने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, आपलं काम चोख केलं. पायथनचं ओएस.सिस्टिम तुमची कमांडची ओळ शेलच्या हवाली करतं आणि शेल ती रिकाम्या जागी तोडतो. सीपीच्या हाती पडल्या 'हापूस', '५' आणि 'डझन.पीडीएफ' अशा तीन फाइली. त्यातली एकही तुमच्याकडे नाही. सीपीने तक्रारही केली, पण कमांड जमली की फसली हे सांगणारा तिचा परतीचा कोड तुम्ही तपासत नाही, आणि पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) चालणाऱ्या स्क्रिप्टची कुरकुर ऐकणार कोण? नावाभोवती अवतरणचिन्हं घातलीत तर आजचं भागेल. उद्या एखाद्या दलालाने पाठवलेल्या फाइलीच्या नावातच अवतरणचिन्ह आणि अर्धविराम निघाला, की पुढचा मजकूर शेल बिनदिक्कत कमांड म्हणून चालवेल. त्यापेक्षा पायथनचंच शटिल.कॉपी२ वापरा. नाव अख्खं जातं, आणि फाइल नसेल तर स्क्रिप्ट एरर देऊन तिथेच थांबते. नुसतं शटिल.कॉपी नको, त्यात फाइलीची मूळ तारीख जाते आणि मे महिन्याची बिलं जुलैची दिसू लागतात.

मालवणहून, होमस्टेवाल्या ताई: बुकिंग शोधायला स्क्रिप्टमध्ये ग्रेप ही फाइलीत मजकूर शोधणारी कमांड वापरते. भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर ते चालतच नाही.

विंडोजबरोबर ग्रेप येतच नाही. पायथनमध्येच फाइल उघडून एकेक ओळ वाचा, 'इन'ने नाव तपासा. तीन ओळींचं काम. फक्त उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं लिहा. विंडोजवर पायथन सहसा भलतंच एन्कोडिंग धरतो आणि देवनागरी नावांचा चिवडा होतो.

हर्णैहून: फाइलींची यादी देणाऱ्या एलएस कमांडच्या जागी पायथनचं ओएस.लिस्टडिर घातलं, तर मासळी लिलावाच्या रोजच्या फाइली उलटसुलट येतात.

एलएस क्रम लावून देत होता, लिस्टडिर देत नाही. सॉर्टेडमध्ये गुंडाळा. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही आता यादीत येतील, त्या गाळा.

चिपळूणहून एक दुकानदार: २०२१च्या पुरानंतर हिशोबाची प्रत आरसिंक कमांडने पुण्याच्या मशीनवर पाठवतो. तेही पायथनमध्ये लिहू का?

नसती उठाठेव कशाला? बदललेला तेवढाच भाग पाठवण्याची आरसिंकची हातोटी घरी लिहून जमायची नाही. पायथनमधून आरसिंक चालवायला सबप्रोसेस.रनला कमांड यादीच्या रूपात द्या, कमांड फसली तर एरर यावी म्हणून चेक ट्रू ठेवा, शेल ट्रू मात्र लिहू नका, नाहीतर शेल पुन्हा मध्ये येतो.