जनरेटरचं पेट्रोल जातं कुठं?

पावसाळा जवळ आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात पोर्टेबल जनरेटरांची रांग लागते. वर्षभर पोत्याखाली पडलेलं मशीन बाहेर निघतं आणि पाठोपाठ तक्रार येते, ‘पेट्रोल लय खातंय बघा.’ यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काही इथं घेतले आहेत, प्रत्येकाखाली आमचं उत्तर.

गंगावेशीत माझं दूध-दह्याचं दुकान आहे. जुना पाच केव्हीएचा जनरेटर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. त्यावर एक फ्रीज, चार ट्यूब आणि एक पंखा चालतो. तरी तासाला लिटरभर पेट्रोल जातं. दोनदा कार्बुरेटर साफ केला, फरक नाही.

कार्बुरेटरला तिसऱ्यांदा हात लावू नका, त्याचा काही दोष नाही. तुमचा लोड मोजू. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना दोनशे वॉट, ट्यूबा ऐंशी, पंखा सत्तर. झाले साडेतीनशे. पाच केव्हीएच्या मशीनची ताकद मात्र साधारण चार हजार वॉटची. जोतिबाला जायला ट्रक काढायचा आणि आत माणसं दोन, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती द्यायची तर साध्या पोर्टेबल जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच फिरावं लागतं. लोड असो वा नसो, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) त्याला तिथंच धरून ठेवतो. पिस्टनचं घर्षण, हवा ओढणं, स्वतःचा पंखा फिरवणं हा खर्च ठरलेला. त्यामुळे फुल लोडला जेवढं पेट्रोल लागतं, त्याच्या जवळपास निम्मं मशीन नुसतं रिकामं फिरतानाही पितं.

लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते. चांगलं छोटं मशीन फुल लोडच्या आसपास त्यातून दीड-दोन युनिट वीज काढतं, बाकीचं उष्णतेत आणि धुरात जातं. तुम्हाला लिटरमागे मिळतं जेमतेम एक तृतीयांश युनिट. म्हणजे एका युनिटला तीन लिटर पेट्रोल! महावितरणचं बिल बघून कपाळाला हात लावणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून बघावा.

उपाय म्हणजे मशीन बदला. तुम्हाला एक ते दीड केव्हीएचं इन्व्हर्टर पद्धतीचं पुरेल. त्यात इंजिनाचा वेग आणि ५० हर्ट्झ यांची गाठ सोडवलेली असते. आतलं इलेक्ट्रॉनिक्स वीज हवी तशी बनवून देतं, म्हणून लोड कमी असला की इंजिन हळू फिरतं. पण फ्रीज सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो, त्यामुळे एक केव्हीएच्या खाली उतरू नका. तोपर्यंत एक करा. लाइट गेल्या गेल्या दोरी ओढू नका. दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास थंडी धरतो. अर्थात दुधाच्या दुकानात दार न उघडणं कसं जमायचं, ते तुम्हालाच ठाऊक!

खरा खर्च कळायला टाकी खुणेपर्यंत भरा, तासभर चालवा आणि मापानं परत खुणेपर्यंत भरा. डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो.

कागलला मंडप आणि लाइटचा धंदा आहे. आवाज नको म्हणून जनरेटर पन्नास मीटर लांब ठेवतो. दिवे मंद पडतात, मग पोरगा गव्हर्नरचा स्क्रू थोडा पिळतो. पेट्रोल वाढलंय.

पोराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आधी काढून घ्या. स्क्रू पिळला की फ्रिक्वेन्सी ५४ वर जाते, आणि पंखा किंवा पंप यांचा लोड वेगाच्या घनात वाढतो. वेग आठ टक्के चढला तर लोड सव्वा पट होतो. बल्ब आणि मोटारी जळायचा धोका वेगळाच. हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर लावून बघा. रिकाम्या मशीनला ५२ च्या आसपास आणि लोड टाकल्यावर ५० असेल तर सेटिंग बरोबर आहे.

दोष केबलचा आहे. दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल पन्नास मीटर नेली की जाऊन-येऊन शंभर मीटर तार झाली. तिचा रोध सव्वा ओहमच्या आसपास. दहा अँपिअरला बारा व्होल्ट आणि सव्वाशे वॉट नुसती तार तापवण्यात गेले. तिथं चार स्क्वेअरची केबल टाका, हा तोटा सव्वाशे वॉटऐवजी पन्नाशीच्या आत, म्हणजे निम्म्याहूनही खाली येईल. आणि गुंडाळी अर्धवट सोडून चालवू नका, ती तापते.

हॅलोजन अजून वापरत असाल तर पाचशे वॉटच्या जागी पन्नास वॉटचा एलईडी फ्लड लावा. पण मग मोठं मशीन पुन्हा रिकामं फिरायला लागेल, म्हणजे गंगावेशीची गोष्ट परत सुरू. म्हणून आधी दिवे बदला आणि मग मशीन लहान घ्या. पुष्कळ जण हे उलट करतात.

गगनबावड्याला राहतो. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. दोन केव्हीएचा जनरेटर आहे, १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. बॅटरी चार्ज करायला दिवसभर जनरेटर चालवावा लागतो. पेट्रोल आणायला घाट उतरायचा की कोल्हापूरला यायचं?

ताई, नुसत्या बॅटरीसाठी जनरेटर चालवणं हा सगळ्यात महागडा मार्ग. ही बॅटरी साधारण पंधरा अँपिअरनंच चार्ज होते, म्हणजे जेमतेम दोनशे वॉट. आठ-दहा तास मशीन जवळपास रिकामं फिरतं.

कामं गोळा करा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मशीन लावा, आणि त्या वेळात सगळं उरका. आधी पाण्याची मोटर सुरू करून टाकी भरून घ्या. मोटर सुरू होताना जोराचा झटका मारते, म्हणून त्या वेळी दुसरं काही चालू नको. ती वेगात आली की फ्रीज लावा, मग मिक्सर, वॉशिंग मशीन. बॅटरी तर चारही तास चार्ज होतच राहील. एवढ्यावर रात्रीचे एलईडी दिवे, मोबाइल आणि थोडा वेळ एक पंखा निघतो. गीझर आणि इस्त्री जनरेटरवर लावायचीच नाही, पाणी चुलीवर तापवा.

पाऊस तिरका येतो म्हणून मशीन पडवीत किंवा सोप्यात घेऊ नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घरापासून लांब, दारं-खिडक्यांकडे तोंड न करता, वर छप्पर पण चारही बाजू उघड्या, असं ठेवा. यात पेट्रोल वाचवायचा विचार नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पन्हाळ्यावर हॉटेल आहे. हवा विरळ म्हणून जेट (कार्बुरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) बदलून घ्या, असं मेकॅनिक म्हणतो. घेऊ का?

नको. पन्हाळा तीन हजार फुटांच्या थोडा वर आहे. समुद्रकाठच्या तुलनेत इंजिनाची ताकद दहाएक टक्के कमी होते, एवढंच. तेवढी वजा धरून लोड ठेवा. त्याआधी एअर फिल्टर बघा, पन्हाळ्याची लाल माती त्यात बसली असेल.

पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक पंधरा टक्के बचत करतं म्हणे?

फ्रीजच्या दाराला लावा, तिथं चांगलं चिकटतं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचाही सल्ला कुणी देईल. पेट्रोलवरच्या इंजिनात ते ठोका आणतं आणि ऑइल पातळ करतं.

२०१९च्या महापुरानंतर घेतलेला जनरेटर इचलकरंजीत घरी आहे. आता चोक अर्धा ओढल्याशिवाय चालत नाही आणि चालतानाही कमी-जास्त होत राहतो. पेट्रोल दुप्पट जातं.

याला आम्ही ‘हंटिंग’ म्हणतो. टाकीत राहिलेलं पेट्रोल शिळं होऊन त्याचा चिकट थर मेन जेटमध्ये बसलेला आहे. इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं, म्हणून तुम्ही चोक ओढून ते जबरदस्तीनं पाजता. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर पेट्रोल जळत नाही, नुसतं बाहेर पडतंय. जेट काढून कार्बुरेटर क्लीनरनं धुऊन घ्या. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं तर खर्च कायमचा वाढला.

आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे सहा-सात टक्के खर्च तसाच वाढतो, त्याला इलाज नाही. पण इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि हे आपल्या दमट पावसात जास्त नडतं. म्हणून महिनाभराहून अधिक वापर नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा, आणि कार्बुरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेलं बाटलीत काढा.

फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, दोन थेंब ऑइल टाकून पिळून बसवा. ऑइल नव्या मशीनचं पहिल्या वीस तासांनी आणि पुढं दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. प्लगवर काजळी दिसली की घासून गॅप पाऊण मिलिमीटर ठेवा.

बाटलीतलं पेट्रोल तासभर तसंच ठेवा आणि मग उजेडात धरून बघा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीतलंही सगळं काढून टाका, ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवायचा मोह करू नका.