उशीखालचे डिंकाचे लाडू

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलं आहे. डिसेंबरच्या सुट्टीत त्या नाशिकला, पंचवटीतल्या सासरी आल्या होत्या. अकरा वर्षांच्या लेकीच्या उशीखाली त्यांना डिंकाचे तीन लाडू सापडले, रुमालात गुंडाळलेले. त्या लिहितात, "तिकडे आम्ही घरात गोड आणतच नाही. इथे आली की ती हावऱ्यासारखी खाते. सासूबाई आग्रह करकरून वाढतात आणि वर म्हणतात, पोरगी सुटायला लागली. मी कुणाकुणाला आवरू?"

ताई, लेकीला रागावू नका. तिने साठा केला आहे. पुढच्या डिसेंबरपर्यंत लाडू दिसायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. टंचाई होणार म्हटलं की माणूस साठवतो. आपण नाशिककरांनी कांद्याच्या बाबतीत हे कितीदा पाहिलंय.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. बंधन उठल्यावर कितीतरी जणांना पोट भरलं तरी थांबता येईना. तुमची लेक उपाशी नाही, हे खरं. पण "हे आपल्या घरात येत नाही" असं रोज ऐकणाऱ्या मुलाचं त्या एका पदार्थाशी असंच काहीसं होतं. आणि तुमचं स्वतःचंही होतंय ना? पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय: वर्षभर भात बंद, आणि नाशिकला पाय ठेवला की सकाळी मिसळ, वर जिलबी, मग रात्री पश्चात्ताप. लेक हे सगळं बघत असते.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मुलांच्या जेवणातली एक वाटणी सांगितली आहे, ती मला फार पटते. काय, कधी आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे मुलाने. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी गडबड होते. मेलबर्नला तुम्ही तिची पोळी मोजता, पंचवटीत आजी "अजून अर्धी" म्हणून ताटात टाकते. आपलं पोट कधी भरलं, हे त्या पोरीला कुणी विचारतच नाही. पोटभर जेवणं आणि तड लागेपर्यंत जेवणं, असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. तो फरक तिचा तिला कळू द्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून जरा निवांत जेवा, सगळ्यांनीच.

सासूबाईंशी तुम्ही बोलू नका, नवऱ्याला बोलू द्या. सुनेने सांगितलं की तो वाद होतो. "आई, तिला विचारून वाढ, आणि तिच्या अंगाबद्दल तिच्यासमोर बोलू नकोस." एवढंच. वयात येताना मुलींचं वजन वाढतं, ते वाढायलाच हवं. "सुटली" हा एक शब्द मुली वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

ती जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल किंवा खाऊन उलटी काढत असेल, तर मात्र तिथल्या डॉक्टरांकडे लगेच जा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्या माणसाने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात, नुसत्या भुकेवर सोडू नयेत.

आणि लाडवांचं म्हणाल, तर सासूबाईंकडून कृती लिहून घ्या आणि तिकडे लेकीला हाताशी घेऊन करा. आठवड्यातून एकदा-दोनदा, शाळेतून आल्यावर, दुधाबरोबर लाडवांची ताटली टेबलावर ठेवा. "आधी भाजी संपव" नको, "एकच हं" पण नको. पहिल्या दिवशी ती चार खाईल. तुमच्या पोटात गोळा येईल, तरी गप्प बसा आणि तुम्हीही एक घ्या, तिच्या शेजारी बसून, सावकाश. काही आठवड्यांनी ती अर्धा लाडू ताटलीत ठेवून खेळायला पळेल. तो अर्धा उचलून तिला परत हाक मारू नका.